प्रवासी स्क्रॅबल, मुलांचं स्क्रॅबल: सूचीच्या कामाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५

आज सूचीच्या कामाला हात घातला. संग्रह स्क्रॅबलचा, म्हणजे अक्षरांच्या टाइल्स पटावरच्या घरांत लावून शब्द जोडायच्या खेळाचा आहे, पण नेहमीच्या मोठ्या खोक्यातल्या संचांचा नाही. मी गोळा करते त्या दोनच जाती: प्रवासी आवृत्त्या आणि लहान मुलांच्या आवृत्त्या.

या दोन्हींकडे बहुतेक संग्राहक फारसं बघत नाहीत. लाकडी टाइल्सचे जुने संच, फिरत्या पटाच्या शाही आवृत्त्या यांना मान असतो. प्रवासी संच मात्र पिशवीत कोंबले गेले, मुलांचे संच मुलांच्या ताब्यात गेले, आणि दोन्हींचे तुकडे हरवले. छापले गेले भरपूर, पण आज पूर्ण संच मिळणं अवघड, ते यामुळेच. माझं त्यांच्यावर मन बसलं त्याचं कारण मात्र दुर्मीळपणा नाही. खेळ लहान करायला घेतला की करणाऱ्याला ठरवावंच लागतं: काय राखायचं, काय सोडायचं. मोठ्या संचात हा प्रश्न उद्भवतच नाही. छोट्या डब्यात तो प्रत्येक घराशी, प्रत्येक टाइलशी उभा राहतो, आणि त्याचं उत्तर प्लॅस्टिकमध्ये ओतलेलं सापडतं.

सूचीचे रकाने ठरवले: निर्माता, भाषा, पटाचं माप, एका घराचं माप, टाइल जागेवर धरून ठेवण्याची पद्धत, टाइल्सची मोजणी, नियमपत्रक आहे की नाही, मागच्या मालकाच्या खुणा. घराचं माप आणि धरून ठेवण्याची पद्धत हे दोन रकाने मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटतात. छपाईचं साल शेवटी.

१८ जानेवारी

साल शेवटी ठेवलं तरी सोडता येत नाही. म्हणून आधी निर्मात्यांची साखळी एका कागदावर मांडून घेतली, म्हणजे खोक्यावरचं नाव बघून काळाचा अंदाज बांधता येईल.

खेळ आल्फ्रेड बट्स या अमेरिकन वास्तुविशारदाचा. १९३०च्या दशकात, मंदीत काम गेलेलं असताना त्याने तो रचला. वर्तमानपत्रांची पानं घेऊन त्याने कोणतं अक्षर किती वेळा येतं हे मोजलं आणि त्यावरून टाइल्सची संख्या आणि गुण ठरवले. ‘एस’ मात्र त्याने मुद्दाम चारच ठेवले, नाहीतर अनेकवचनं करत खेळ फारच सोपा झाला असता. १९४८ मध्ये जेम्स ब्रुनो या गृहस्थाने खेळ हातात घेतला, नियम थोडे सुटसुटीत केले आणि ‘स्क्रॅबल’ हे नाव नोंदवलं. १९४९ मध्ये त्याने २४०० संच बनवले आणि वर ४५० डॉलरचा तोटा सोसला. पुढे १९५२च्या सुमारास मागणी अशी उसळली की त्याला ती झेपेना, आणि अमेरिकेतलं उत्पादन सेल्चो अँड रायटर या कंपनीकडे गेलं. १९७२ मध्ये तिने नावाचे हक्कही विकत घेतले. १९८६ मध्ये ती कंपनी कोलेकोने घेतली, कोलेको बुडाली, आणि १९८९ मध्ये खेळ हॅस्ब्रोकडे आला. ब्रिटनमध्ये १९५०च्या दशकापासून जे. डब्ल्यू. स्पीअर अँड सन्स. ती कंपनी १९९४ मध्ये मॅटेलने घेतली. आज अमेरिका आणि कॅनडात हॅस्ब्रो, बाकी जगात मॅटेल.

एवढं हाताशी असलं की खोक्यावरचं निर्मात्याचं नाव पुरेसं बोलतं. फक्त स्वामित्वहक्काच्या सालावर भिस्त ठेवायची नाही. १९४८ किंवा १९४९ असं छापलेलं असतं आणि नवखा माणूस हरखून जातो. ते साल हक्काचं. डबा त्यानंतर तीस वर्षांनी छापलेला असू शकतो.

२५ जानेवारी

काळ ठरवण्याच्या आणखी खुणा. दुकानातल्या मालावरचा बारकोड पहिल्यांदा वाचला गेला जून १९७४ मध्ये, अमेरिकेत. तेव्हा खोक्यावर छापील बारकोड असेल तर डबा बहुधा त्याआधीचा नाही. ‘सीई’ ही युरोपातली खूण खेळण्यांवर १९९०पासून दिसू लागली. आणि चुंबकी संचांवर चुंबक गिळण्याबद्दलचा ठळक इशारा असेल तर तो बहुधा २००८ नंतरचा, कारण त्या वर्षी युरोपीय महासंघाने चुंबक असलेल्या खेळण्यांवर असा इशारा सक्तीचा केला. दोन-तीन चुंबक पोटात गेले तर आतड्याच्या भिंती मध्ये धरून एकमेकांना चिकटतात, म्हणून ती सक्ती. छोट्या टाइल्सचे चुंबकी संच घरात लहान मूल असताना मी वरच्या फळीवर ठेवते, ते याचसाठी.

या तिन्ही खुणा ‘याआधीचा नाही’ एवढंच सांगतात. ‘यानंतरचा नाही’ हे सांगणारी खूण फक्त निर्मात्याचं नाव. दोन्ही बाजूंनी दाबत नेलं की बहुतेक डबे एका दशकात बसतात. त्याहून बारीक साल लिहायचा मोह सूचीत टाळायचा.

२ फेब्रुवारी

आज घरांची मापं. अपेक्षा होती की प्रवासी आवृत्त्यांत कुठेतरी पट छोटा केलेला, म्हणजे घरं कमी केलेली सापडतील. माझ्याकडच्या एकाही प्रवासी संचात तसं नाही. चुंबकी असो, खुंट्यांचा असो, घडीचा असो, पंधरा गुणिले पंधरा म्हणजे २२५ घरं सगळ्यांत आहेत, आणि इंग्रजी संचांत टाइल्सही १००च. जे आक्रसलं ते घर. मोठ्या पटावर ते जवळपास दोन सेंटिमीटरचं असतं. सगळ्यांत छोट्या चुंबकी संचात एक सेंटिमीटरच्या आत गेलंय.

पंधरा हा आकडा का हलत नाही, हे पट समोर ठेवलं की समजतं. तिप्पट शब्दाची घरं, म्हणजे तिथे लागलेल्या शब्दाचे गुण तिप्पट करणारी, चारही कोपऱ्यांत आणि चारही कडांच्या मधोमध आहेत. मधल्या घरावरून सुरुवात केली की कडेपर्यंत सात घरं. हातात टाइल्स सात. पहिल्या खेळीला सातही टाइल्स लावल्या, एक टोक मधल्या घरावर ठेवलं, तरी शब्द कडेला टेकत नाही. एक घर उरतंच. या अंतरावर खेळाचा सगळा तोल उभा आहे. पट तेरा घरांचा केला असता तर पहिल्याच खेळीत कड गाठता आली असती. ज्यांनी प्रवासी संच घडवले त्यांनी रॅक, म्हणजे हातातल्या टाइल्स उभ्या ठेवायच्या पट्ट्या, बारीक केले, झाकणाचा पट केला, टाइल्सची पिशवी काढून टाकली, पण या अंतराला हात लावला नाही.

९ फेब्रुवारी

फिकट पडलेल्या पटांबद्दल एक उपयोगी गोष्ट. मोठ्या पटावर खास घरांत काय ते शब्दांत लिहिलेलं असतं. एक सेंटिमीटरच्या घरात ते मावत नाही, म्हणून अनेक प्रवासी पटांवर नुसता रंग असतो: तिप्पट शब्द लाल, दुप्पट शब्द गुलाबी, तिप्पट अक्षर गडद निळं, दुप्पट अक्षर फिकट निळं. उन्हात राहिलेल्या पटावर लाल-गुलाबी एक होतात आणि दोन निळे एक होतात. अशा वेळी मोजणी कामाला येते. तिप्पट शब्दाची ८ घरं, दुप्पट शब्दाची मधल्या घरासकट १७, तिप्पट अक्षराची १२, दुप्पट अक्षराची २४. मांडणी चारही बाजूंनी सारखी असल्यामुळे एक चतकोर जरी नीट दिसत असला तरी बाकी पट डोळ्यांसमोर उभा करता येतो.

रंग पुन्हा भरायचा नाही, हे माझं ठरलेलं. पट फिकट आहे हीसुद्धा त्या संचाची माहिती आहे. खेळायला बसायचं तर शेजारी मांडणीचा कागद ठेवायचा.

१६ फेब्रुवारी

टाइल जागेवर धरून ठेवण्याच्या पद्धती. हा दिवस मला सगळ्यांत आवडला, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली पद्धत खुंटीची. टाइलच्या पोटाला छोटी खुंटी, पटाच्या प्रत्येक घरात भोक. भिंगाखाली पाहिलं तर खुंटीचं टोक किंचित निमुळतं आहे, म्हणजे हलत्या गाडीतही टाइल भोकात आपसूक उतरावी. बुडाशी ती जाड होते आणि तिथे घट्ट बसते. वर्षानुवर्षं वापरलेल्या संचांत ही जाडी झिजलेली असते. कोणत्या टाइल्स जास्त झिजल्यात हे पाहिलं तर ‘ई’, ‘ए’ आणि ‘आय’ ढिल्या सापडतात. त्यामागे हिशोब आहे. ‘ई’ बारा आहेत, ‘ए’ आणि ‘आय’ नऊ-नऊ, आणि डाव संपेपर्यंत त्यांतल्या बहुतेक पटावर येतातच. उलट ‘क्यू’ची खुंटी अनेकदा नवीकोरी, कारण ते अक्षर एकच आहे आणि कधीकधी शेवटपर्यंत हातात अडकून राहतं.

दुसरी पद्धत उंच कडांची. प्रत्येक घराभोवती बारीक कड, टाइल त्या चौकटीत बसते. टाइल आडवी सरकत नाही, पण पट उलटला तर सगळं खाली. टेबलावर खेळायला ही उत्तम; प्रवासात मात्र अर्धीच कामाची.

तिसरी चुंबकाची. पत्र्याचा पट, टाइलच्या पोटाला चुंबकी रबराची चकती. घडी मिटवून डाव तसाच ठेवता येतो, पण जोरात मिटवला की समोरासमोरच्या टाइल्स एकमेकींना ढकलतात नाहीतर ओढतात आणि कडेचे शब्द विस्कटतात. चांगल्या संचांत घडीच्या दोन्ही बाजूंत टाइलच्या उंचीपेक्षा जास्त जागा सोडलेली असते. हे अंतर मी आता सूचीत वेगळं नोंदवते आहे.

चौथी, कट्कन बसणाऱ्या टाइल्सची. घराच्या कडा आणि टाइलच्या कडा एकमेकींत अडकतात, आवाज येतो, आणि मग पट उभा धरला तरी टाइल पडत नाही. चेनच्या घडीच्या पिशवीत बसवलेले हॅस्ब्रोचे संच असे आहेत. डाव मध्येच थांबवून चेन लावली की झालं.

माझ्या मते प्रवासी आवृत्तीची खरी कसोटी आकार नाही, डाव थांबवता येणं ही आहे. स्टेशन आलं, पाऊस आला, कुणाला झोप आली, तर पट मिटवून उद्या त्याच खेळीपासून पुढे जाता आलं पाहिजे. यासाठी नुसता पट पुरत नाही. रॅकवरच्या टाइल्सही लपलेल्या आणि जागच्या जागी राहायला हव्यात. सगळ्यांत विचारपूर्वक घडवलेल्या संचांत रॅकलाही खाचा किंवा चुंबक असतो आणि रॅक ठेवायला डब्यात वेगळा कप्पा असतो. जिथे रॅक साधी प्लॅस्टिकची पट्टी आहे तिथे कल्पना अर्ध्यावर सोडलेली आहे.

१७ फेब्रुवारी

कालच्या नोंदीत एक राहिलं. कोणतंही अक्षर मानून लावता येते त्या कोऱ्या टाइलचं काय? डाव थांबवून दुसऱ्या दिवशी सुरू केला तर कोरी टाइल कोणत्या अक्षरासाठी लावली होती हे लक्षात ठेवावं लागतं. एकाही संचात यासाठी सोय नाही. गुणपत्रकाच्या कोपऱ्यात लिहून ठेवणं हाच उपाय.

२ मार्च

आज एक डबा उघडला आणि आत थांबवलेला डाव निघाला. खुंट्यांचा संच, हिरवट पट, कुणाच्या तरी घरच्या आवराआवरीतून माझ्याकडे आलेला. पटावर तेरा शब्द उभे-आडवे, दोन रॅकवर टाइल्स, बाकीच्या झाकणाच्या कप्प्यात.

टाइल्स काढण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढले आणि मांडणी चौकटीच्या कागदावर उतरवून घेतली. मधल्या घरावरून जाणारा शब्द दोन्ही दिशांना एकेकच आहे, त्यामुळे पहिली खेळी त्या दोघांपैकी एक, एवढं नक्की. पुढचा क्रम पूर्णपणे लावता येत नाही, पण कोणता शब्द कोणाच्या आधाराने उभा आहे हे पाहत गेलं की काहींचे आधी-नंतर ठरतं. दोघांपैकी एकाच्या रॅकवर सात टाइल्स आहेत, दुसऱ्याच्या रॅकवर चार. म्हणजे दुसऱ्याने शब्द लावला होता आणि नव्या टाइल्स उचलण्याआधीच डाव थांबला. तीन अक्षरं वापरलेली असणार. पटावर शेवटच्या टोकाला तीनच नवी अक्षरं लागतील असे दोन शब्द आहेत.

सात टाइल्सवाल्याकडे ‘एक्स’ आहे, आणि पटावर उघड्या ‘ओ’च्या शेजारी तिप्पट अक्षराचं घर रिकामं. ‘एक्स’चे आठ गुण तिथे चोवीस झाले असते. पुढची खेळी त्याचीच होती. तो ती जागा धरून बसला होता की त्याच्या ध्यानातच आली नव्हती, कोण जाणे. मी बराच वेळ त्या घराकडे बघत बसले.

या संचाच्या ‘खुणा’ रकान्यात सगळी मांडणी लिहिली. कागदाची प्रत डब्यात.

९ मार्च

टाइल्सची मोजणी. इथे एक साधा ताळा सापडला आहे, तो इतर संग्राहकांनाही उपयोगी पडेल. इंग्रजी संचात टाइल्स १००, आणि सगळ्या टाइल्सवरच्या गुणांची बेरीज १८७. दोन्ही आकडे एकत्र पाहायचे. टाइल्स ९९ आणि बेरीज १८७ भरली, तर हरवलेली टाइल कोरी, कारण तिचे गुण शून्य. टाइल्स ९९ आणि बेरीज १८२, तर हरवला तो ‘के’, कारण पाच गुणांचं अक्षर तेवढं एकच. बेरीज १७९ आली तर ‘जे’ किंवा ‘एक्स’. मग दोन टाइल्स शोधून बघायच्या. एका गुणाची टाइल गेली असेल तर मात्र अक्षरवार मोजण्याशिवाय गत्यंतर नाही, कारण एका गुणाच्या टाइल्स ६८ आहेत आणि दहा वेगवेगळ्या अक्षरांत विभागलेल्या आहेत.

एक सावधगिरी: टाइल्स १०० भरल्या म्हणून संच पूर्ण, असं मानायचं नाही. कुणीतरी दुसऱ्या संचातून भर घातलेली असू शकते. बेरीज १८७ आणि संख्या १००, दोन्ही जुळलं तरीही अक्षरवार यादी एकदा तपासायचीच.

१५ मार्च

भर घातलेला संच लगेच पुढ्यात आला. चुंबकी, इंग्रजी नियमपत्रक, टाइल्स बरोबर १००. बेरीज १९८. ‘के’वर दहा, ‘वाय’वरही दहा. इंग्रजीत ‘के’ पाच आणि ‘वाय’ चार. या दोन टाइल्स फ्रेंच संचातल्या. फ्रेंचमध्ये ‘के’, ‘डब्ल्यू’, ‘एक्स’, ‘वाय’, ‘झेड’ या पाचही अक्षरांना दहा-दहा गुण आहेत, कारण त्या भाषेत ती क्वचित येतात. फ्रेंच संचात टाइल्सही १०२ असतात, ‘ई’ पंधरा आणि ‘एस’ सहा. बेरजेतली ११ची वाढ या दोन टाइल्सनेच पुरी होते: ‘के’मुळे पाच, ‘वाय’मुळे सहा.

रंग आणि जाडी इतकी जुळते की नुसत्या डोळ्याला कळलं नसतं. दोन्ही संच एकाच निर्मात्याचे असणार. मूळ ‘के’ आणि ‘वाय’ हरवल्यावर कुणीतरी नेटाने दुसऱ्या भाषेच्या संचातून त्या आणल्या. त्या काढून टाकायच्या नाहीत. सूचीत ‘भरपाई, २ टाइल्स, फ्रेंच’ अशी नोंद. टाइलवर काहीही लिहायचं नाही, पेन्सिलनेसुद्धा नाही. चिठ्ठी वेगळ्या पुडीत.

३० मार्च

मुलांच्या आवृत्त्यांकडे वळले.

इथे निर्णय नेमके उलटे. घर मोठं, टाइल मोठी, बहुधा जाड पुठ्ठ्याची, आणि तिच्यावर गुणाचा आकडाच नाही. पट दुहेरी. एका बाजूला शब्द आधीच छापलेले, शेजारी त्यांची चित्रं. मूल हातातल्या पाच टाइल्समधून एका वेळी दोन टाइल्स पटावरच्या अक्षरांवर जुळवून ठेवतं. शब्द पहिल्या अक्षरापासून क्रमाने भरायचा. जो शेवटचं अक्षर ठेवतो त्याला चकती. दुसरी बाजू रिकामी, तिथे मोठ्यांसारखे स्वतःचे शब्द करायचे, गुणांची पद्धत सोपी.

प्रवासी आवृत्तीने नियम राखले आणि जागा सोडली. मुलांच्या आवृत्तीने जागा दिली आणि नियम सोडले. शब्दसंपत्ती सोडली, आकडेमोड सोडली. मग स्क्रॅबलचं उरलं काय, असं कुणी विचारेल. याचं उत्तर खेळून बघितल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं.

६ एप्रिल

भाचीबरोबर छापील शब्दांच्या बाजूने खेळले. ती सहा वर्षांची, इंग्रजी अक्षरं ओळखते, शब्द चित्र बघून सांगते.

सुरुवातीला ती नुसती जुळवत होती: हातात ‘बी’ आहे, पटावर ‘बी’ आहे, ठेवा. थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं की तिने शब्द जवळजवळ पुरा करून ठेवला की मी शेवटची दोन अक्षरं टाकून चकती उचलते. चार अक्षरांच्या शब्दाची दोन अक्षरं ठेवून तिने हात मागे घेतला, माझ्या टाइल्सकडे बघितलं आणि म्हणाली, “आत्या, इथे नको, इथे ठेवलं की तू घेशील.” त्यातली एक टाइल उचलून तिने दुसऱ्या, लांब शब्दाच्या सुरुवातीला नेऊन ठेवली.

एका खेळीत दोनच टाइल्स या नियमात सगळं आहे. शब्दाची दोन किंवा एक अक्षरं उरली की तो शब्द समोरच्याच्या टप्प्यात येतो. तीन उरली तर तो निदान या खेळीत पुरा करू शकत नाही. म्हणजे मुलाला प्रत्येक वेळी ठरवावं लागतं की समोरच्यासाठी काय उघडं ठेवायचं. मोठ्या स्क्रॅबलमध्ये तिप्पट शब्दाच्या घराजवळ शब्द न्यायचा की नाही, हा विचार असतो तोच हा. गुण गेले, शब्द शोधणं गेलं, पण आपली खेळी दुसऱ्याला काय देऊन जाते हा प्रश्न राहिला. ज्याने ही आवृत्ती रचली त्याला खेळाचा गाभा बरोबर कळला होता, असं मला मनापासून वाटतं. ‘मुलांसाठी सोपं केलेलं’ म्हणून या संचांना बाजूला सारणाऱ्यांनी एक डाव खेळून बघावा.

छेदणारे शब्द तर आणखी रंगतदार. एकाच घरात दोन शब्द मिळतात तिथे एका टाइलने दोन्ही पुरे होऊ शकतात आणि दोन चकत्या मिळतात. भाचीने असं घर दोनदा हेरलं.

१३ एप्रिल

रिकाम्या बाजूबद्दल थोडक्यात. माझ्याकडच्या बहुतेक संचांत ती बाजू कोरी करकरीत आहे आणि छापील बाजू घासून पांढरी पडली आहे. मूल छापील बाजू संपवून थेट मोठ्यांच्या संचाकडे जातं, मधली पायरी कुणी फारशी चढत नाही, असं या खुणांवरून दिसतं.

दुहेरी पटाची ही कल्पना २०२४ मध्ये मॅटेलने मोठ्यांच्या पटावरही आणली: युरोपात निघालेल्या नव्या संचात एका बाजूला नेहमीचा खेळ आणि दुसऱ्या बाजूला मदतीची कार्डं घेऊन, सोप्या गुणांनी, जोडीने खेळायचा प्रकार. त्यावर बराच वाद झाला. मला त्यात वावगं काही दिसत नाही. मुलांच्या संचांनी ती वाट कितीतरी आधी चालून दाखवली होती. हा संच सूचीत घ्यायचा का? प्रवासी नाही, मुलांचाही नाही. पण दुहेरी पटाच्या वंशावळीत बसतो, म्हणून परिशिष्टात.

२७ एप्रिल

जतनाचं काम, आणि हे तातडीचं. दोन प्रवासी संच मऊ विनाइलच्या पाकिटात आहेत. विनाइल मऊ राहावं म्हणून त्यात घातलेलं द्रव्य वर्षांनुवर्षं हळूहळू बाहेर झिरपतं. पाकीट चिकट लागतं ते त्यामुळे. टाइल्स पॉलिस्टायरीनच्या असतील तर ते द्रव्य त्यांनाही मऊ करतं. टाइल पाकिटाला चिकटते, वरचं अक्षर पुसट होऊन पाकिटावर उमटतं. एका संचात ‘ओ’ची टाइल काढली तर पाकिटाच्या आतल्या अंगाला उलटा ठसा राहिला होता.

म्हणून टाइल्स विनाइलपासून वेगळ्या केल्या. पॉलिथिनच्या झिप पिशव्यांत टाइल्स, पाकीट आम्लरहित कागदात गुंडाळून वेगळं, दोन्हींवर एकच सूची क्रमांक. रबरबँड सगळे काढून टाकले. जुना रबरबँड आधी चिकटतो, मग तडकतो आणि पुठ्ठ्यावर तपकिरी डाग सोडतो.

चुंबकी टाइल्ससाठी एक नियम. चुंबकी रबराचे दोन तुकडे समोरासमोर धरून घासले की त्यांची ताकद कमी होते. ढिगाने पिशवीत टाकलेल्या टाइल्स नेमकं हेच करत असतात. शक्यतो त्या पटावरच लावून ठेवायच्या, नाहीतर पत्र्याच्या पट्टीवर ओळीने.

पुठ्ठ्याच्या टाइल्सना ओलाव्याची भीती जास्त. थर सुटायला लागलेले कोपरे गव्हाच्या खळीने, अगदी थोड्या, चिकटवून वजनाखाली ठेवले. कृत्रिम गोंद नको. खळ पुढेमागे पाण्याने सोडवता येते.

११ मे

नियमपत्रकं. प्रवासी संचांतली पत्रकं मोठ्या संचाच्या पत्रकाची लहान केलेली प्रत असतात, अक्षर इतकं बारीक की मुलाला वाचताच येऊ नये. मुलांच्या संचांतली पत्रकं खोक्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला छापलेली जास्त सापडतात, आणि म्हणूनच टिकतात. झाकण फेकलं जात नाही. सगळ्यांचे फोटो घेतले.

एका झाकणावर कुणीतरी स्वतःचा नियम बॉलपेनने लिहिला आहे: धाकट्याने मागितली तर मदत करायची, पण न मागता सांगायचं नाही. ‘खुणा’ रकान्यात जसंच्या तसं घेतलं.

१ जून

मांडणीचा क्रम ठरवला. सालाप्रमाणे लावले असते तर प्रवासी आणि मुलांचे संच एकमेकांत मिसळले असते आणि शेजारी शेजारी ठेवून काही कळलं नसतं. निर्मात्याप्रमाणे लावले तर फळीवर नुसती कंपन्यांच्या खरेदी-विक्रीची गोष्ट दिसते. म्हणून घराच्या मापाप्रमाणे. डावीकडे एक सेंटिमीटरच्या आतला चुंबकी संच, मग खुंट्यांचे, मग कट्कन बसणारे, मध्ये ताडून बघायला नेहमीच्या आकाराचा एक मोठा पट, आणि उजवीकडे मुलांचे संच मोठे होत जाणारे.

कोरी टाइल हरवलेले संच बरेच निघाले. खेळायला घेताना मी त्यांत त्याच मापाचा पुठ्ठ्याचा कोरा तुकडा ठेवते, मागे पेन्सिलने सूची क्रमांक घालून, म्हणजे तो मूळ टाइल म्हणून कुणी धरणार नाही. ‘क्यू’ हरवलेला संचही असाच चालवता येतो. मात्र ‘एस’ हरवलेला असेल तर तिथे भरपाई न करता तीनच ‘एस’वर खेळते. डाव आवळला जातो, अनेकवचनासाठी भांडावं लागतं, आणि बट्सने ते अक्षर चारवर का थांबवलं ते पटावर दिसतं.

थांबवलेल्या डावाचा संच टाइल्स लावलेल्या अवस्थेतच ठेवला आहे. एका पाहुण्याने पुढे खेळूया का विचारलं. मूळ टाइल्सना हात न लावता कागदावरची मांडणी दुसऱ्या संचावर उतरवली आणि तिथून पुढे खेळलो. ‘एक्स’ त्याच्या वाट्याला आला. त्याने तो चोवीस गुणांना लावला.